साहेबाचे वेषांतर आणि येसकराची वाट

१

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार आपल्याकडे निरुपद्रवी समजला जातो. महाविद्यालयांतून तो ललित गद्याच्या सदराखाली शिकवला जातो. प्रवासी धाडसी आहे, त्याचे निरीक्षण सूक्ष्म आहे, भाषा प्रासादिक आहे, एवढे सांगितले की समीक्षा संपते. प्रवाशाच्या पुढे वाट दाखवीत कोण चालत होता, त्याचे ओझे कोणाच्या डोक्यावर होते आणि प्रवासातून गोळा केलेले ज्ञान पुढे कोणाच्या कामी आले, हे प्रश्न विचारण्याची पद्धत नाही. दलित समीक्षेला मात्र हे प्रश्न विचारावेच लागतात, कारण पुढे चालणारा आणि ओझे वाहणारा हा आपला पूर्वज होता.

या लेखात हे प्रश्न एका ग्रंथाला आणि त्याच्या कर्त्याच्या चरित्राला विचारायचे आहेत. ग्रंथ इंग्रजी आहे, १८१६ साली लंडनला प्रसिद्ध झालेला. बलुचिस्तान आणि सिंध या प्रदेशांतील प्रवासाचा. त्याला त्या प्रदेशांचे भौगोलिक व ऐतिहासिक वर्णन जोडलेले आहे आणि सोबत नकाशा आहे. कर्ता हेन्री पॉटिंजर. नगर जिल्ह्यातल्या वाचकाला या नावाचे अगत्य असायला हवे, कारण १८१८ साली पेशवाई बुडाल्यावर हाच पॉटिंजर नगरचा पहिला कलेक्टर झाला. त्या वेळच्या नगर कलेक्टरीत आजच्या नाशिक जिल्ह्याचाही बराच मोठा भाग होता.

मी याच जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात शिकवतो. इथे पुस्तकांतून आणि भाषणांतून निजामशाही, चांदबीबी, किल्ला आणि किल्ल्यातले १९४२ चे कैदी यांचा उल्लेख वारंवार येतो. पॉटिंजरचे नाव आलेच तर कलेक्टरांच्या यादीत येते. पण हा माणूस नकाशे काढणारा होता, आणि त्याच्यासारख्यांनी उभ्या केलेल्या राज्याने आपल्या गावांची जी रीत कायम ठेवली तिच्याशी आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध आहे.

२

पॉटिंजर १७८९ साली आयर्लंडमध्ये जन्मला. अगदी पोरवयात, १८०४ साली, तो हिंदुस्थानात आला आणि कंपनीच्या फौजेत शिरला. त्या वेळी नेपोलियन इराणमार्गे हिंदुस्थानावर चाल करून येईल अशी धास्ती कंपनी सरकारने घेतली होती. हिंदुस्थान आणि इराण यांच्यामधला मुलूख कंपनीच्या नकाशावर जवळजवळ कोरा होता. पाणी कुठे आहे, फौज कुठून जाऊ शकेल, कोणती टोळी कोणाच्या बाजूची आहे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. इथे 'कोणालाच' म्हणजे कंपनीतल्या कोणालाच. तिथे राहणाऱ्या बलुच आणि ब्राहुई लोकांना आपल्या विहिरी आणि वाटा पक्क्या ठाऊक होत्या.

जॉन माल्कमच्या इराणी वकिलातीच्या निमित्ताने पॉटिंजर आणि कॅप्टन चार्ल्स ख्रिस्ती हे दोघे जानेवारी १८१० मध्ये मुंबईहून निघाले. सुंदरजी शिवजी हा कच्छी व्यापारी कंपनीला घोडे पुरवीत असे. आपण त्याचेच हस्तक आहोत असे सोंग त्यांनी घेतले. सोनमियानीच्या किनाऱ्यावर उतरून ते कलातला गेले, तिथून नुश्कीला. पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. ख्रिस्ती हेरातकडे गेला, पॉटिंजर वाळवंट ओलांडून केरमान, शिराज करीत इस्फहानला पोचला. वाटेत घोडेव्यापाऱ्याचे सोंग टाकून त्याने यात्रेकरूचे घेतले. टिपणे लपवून ठेवायची, अंतर मनात मोजायचे, विहिरी, पिके, गढ्या यांची नोंद करायची, असा सारा प्रवास. दोन हजार मैलांहून अधिक अंतर त्याने कापले. तेव्हा त्याचे वय होते वीस.

हे धाडस होते यात शंका नाही. ते नाकारण्याचे कारणही नाही. पीटर हॉपकर्कच्या 'द ग्रेट गेम' (१९९०) या पुस्तकात ही सफर अशी रंगवली आहे की वाचक श्वास रोखून वाचतो. पण श्वास रोखून वाचणारा वाचक प्रश्न विचारीत नाही. या प्रकारच्या लेखनाची रचनाच अशी असते की सगळे भय, सगळी तहान, सगळी हुशारी नायकाच्या वाट्याला येते. वाटाड्या उंटासारखाच येतो, कामापुरता. तो विहिरीपर्यंत नेतो आणि पान उलटले की दिसेनासा होतो. विहीर मात्र नकाशावर राहते, साहेबाने शोधलेली म्हणून.

पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला याच काळात हेच चालले होते. उत्तर अमेरिकेत कातड्यांचा, विशेषतः बीव्हरच्या लोकरी कातड्यांचा, व्यापार करणाऱ्या कंपन्या होत्या. डेव्हिड थॉम्पसन (१७७०–१८५७) नावाचा लंडनच्या एका धर्मादाय शाळेतला गरीब मुलगा १७८४ मध्ये हडसन्स बे कंपनीत उमेदवार म्हणून लागला, १७९७ मध्ये नॉर्थ वेस्ट कंपनीकडे गेला, १८११ मध्ये कोलंबिया नदीच्या मुखापर्यंत पोचला आणि १८१४ मध्ये त्याने पश्चिम कॅनडाचा प्रचंड नकाशा पुरा केला. त्याची बायको शार्लट स्मॉल ही क्री आईची मुलगी. तिच्या लोकांच्या वाटांवरून, त्यांच्याच बनावटीच्या होड्यांतून हा व्यापार चाले. थॉम्पसन हलाखीत मेला. पुढे १९१६ साली त्याचा प्रवासवृत्तांत छापला गेला आणि तो 'थोर भूगोलकार' झाला. थॉम्पसनचे दारिद्र्य आपल्याला जवळचे वाटते, पण तरीही फरक ध्यानात ठेवला पाहिजे. तो विसरला गेला आणि पुन्हा सापडला. ज्यांच्या वाटा होत्या ते लोक विसरले जाण्याइतकेही नोंदले गेले नव्हते.

३

पॉटिंजरच्या ग्रंथातील मध्यवर्ती कल्पना वेषांतराची आहे. यावर थोडे थांबायला हवे, कारण प्रस्थापित समीक्षा हिलाच 'साहस' म्हणते.

वेषांतर करता येणे हा एक अधिकार आहे. पॉटिंजरने कपडे बदलले, नाव बदलले, धर्म बदलल्याचे सोंग केले. पकडला गेला असता तर प्राणाला मुकला असता हे खरे. पण सुटला तर पुन्हा लेफ्टनंट पॉटिंजर होणार होता आणि सुटल्यावर तसा झालाही. सोंग उतरवल्यावर त्याची वाट पाहणारे एक मोठे नाव होते.

आता दुसरे वेषांतर पाहा. १९१७ साली अमेरिका आणि इंग्लंडमध्ये शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. राहायला जागा मिळेना. तेव्हा एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव नोंदवून त्यांना राहावे लागले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या टिपणात त्यांनी हा प्रसंग सांगितला आहे. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेले डझनभर पारशी आले आणि त्यांनी बाबासाहेबांना जागा सोडायला लावले. कुठेच आसरा मिळाला नाही, तेव्हा कामाठी बागेत बसून त्यांनी वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली.

एकाने राज्य वाढवण्यासाठी सोंग घेतले, दुसऱ्याला पाठ टेकण्यापुरती जागा हवी होती म्हणून घ्यावे लागले. पहिल्याला 'सर' ही पदवी मिळाली. दुसऱ्यापुढे काठ्या आल्या, आणि तेही ज्या सरकारी कामासाठी तो आला होता ते चालू असताना. साहसाची व्याख्या कोणाच्या अनुभवावरून बेतायची, हा वाङ्मयीन मूल्यांचा प्रश्न इथे उभा राहतो. बडोद्याचा तो प्रसंग आपल्या पाठ्यपुस्तकांत प्रवासवर्णन म्हणून कधी लावला जात नाही. तो लावला पाहिजे. हा देश माणसाला किती आत येऊ देतो याचा तो भूगोल आहे.

४

आता नगरकडे येऊ. १८१८ मध्ये एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखात चार कलेक्टर नेमले: पुण्याला रॉबर्टसन, साताऱ्याला ग्रँट, खानदेशात ब्रिग्ज आणि नगरला पॉटिंजर. पॉटिंजर तेव्हा अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांचा होता. एल्फिन्स्टनचा ऑक्टोबर १८१९ चा अहवाल या चौघांकडून आलेल्या माहितीवर आधारलेला आहे. बलुचिस्तानात सोंग घेऊन चोरून जी माहिती काढावी लागली, तशीच माहिती आता कचेरीत बसून हुकमाने मागवता येत होती. गाव किती, बलुतेदार किती, कोणाचा हक्क काय.

आणि वाट? बलुचिस्तानात वाटाड्या मिळवायला पैसा, वशिला आणि सोंग लागले होते. नगर जिल्ह्यात तो गावोगाव आयताच उभा होता. पाळीचा महार म्हणजे येसकर. वेशीवर त्याचा मुक्काम. आल्यागेल्याची खबर ठेवणे, सरकारी सारा नि टपाल पोचवणे, कोणी अंमलदार आला तर त्याचे ओझे उचलणे, घोड्याला गवत नि छावणीला सरपण आणणे, आणि पुढच्या गावाच्या शिवेपर्यंत वाट दाखवणे ही त्याची कामे. त्या शिवेवर पुढच्या गावचा येसकर ते ओझे घेई. याला मजुरी नव्हती. गावचे बलुते आणि वतनाचा जमिनीचा तुकडा, यात सगळे आले असे समजले जाई.

येसकराकडे आणखी एक गोष्ट होती, ती म्हणजे शिवेचे ज्ञान. दोन गावांत शिवेवरून तंटा पडला की महाराची साक्ष प्रमाण मानली जाई. शपथ घेऊन त्याने शीव चालायची. तो चालेल ती शीव दोन्ही गावांनी कबूल करायची. जुन्या महजरांतून ही रीत नोंदलेली आहे. कोणता ओढा, कोणता दगड, कोणते बाभळीचे झाड, कुठला म्हसोबा, हे त्याच्या पायांना माहीत. ज्याची सावली विटाळ करते असे गाव मानत होते, त्याच्याच पावलांवर गावाची जमीन कुठे संपते ते ठरत होते. हा विरोधाभास नव्हे, ती व्यवस्थाच होती. शिवेचे खोटे सांगण्याचे पाप आणि दोन गावांचा राग, दोन्ही अंगावर घ्यायला गावाबाहेरचाच माणूस हवा होता.

म्हणून मला नगरच्या मातीत दोन नकाशे दिसतात. एक पॉटिंजरचा, कागदावरचा, लंडनला छापलेला. दुसरा येसकराचा, कधीच न छापलेला. पहिल्यावर कर्त्याचे नाव आहे, दुसऱ्यावर नाही. भीमा-कोरेगावच्या स्तंभावर निदान मेलेल्या महार शिपायांची नावे कोरली गेली. जिवंतपणी वाट दाखवणाऱ्याचे नाव मात्र कुठल्याच दगडावर गेले नाही.

५

इथे आपल्याच चळवळीतल्या एका समजुतीची परीक्षा केली पाहिजे. इंग्रज आला आणि आम्ही सुटलो, असे आपल्यातले पुष्कळजण म्हणतात. शाळा, फौज, कायद्यापुढची समानता यांमुळे फट पडली हे नाकारता येत नाही. पण पॉटिंजरच्या पिढीतल्या अधिकाऱ्यांचे धोरण काय होते? एल्फिन्स्टनला गाव म्हणजे एक छोटे स्वयंपूर्ण राज्य वाटत होते आणि त्याची घडी शक्यतो मोडू नये असे त्याचे मत होते. घडी न मोडणे म्हणजे येसकराला वेशीवरच ठेवणे. नवे सरकार जुन्या वेठीवर चालले. १८७४ च्या वतन कायद्याने तर ही वंशपरंपरागत सेवा इंग्रजी कायद्याच्या भाषेत पक्की केली.

उलट बाजूने, साहेबाच्या अत्याचारांवर पानेच्या पाने लिहिणारे राष्ट्रवादी इतिहासकार वेठीपाशी आले की गप्प होतात. ओझे साहेबाचे होते, पण ते डोक्यावर ठेवणारा पाटील-कुलकर्णी गावचाच होता. साहेबाचा नकाशा आणि गावचा गाडा हे एकमेकांचे वैरी नव्हते. दोघांचेही येसकराच्या पायांवर भागत होते.

नगर जिल्ह्यात कागदाचा नकाशा खऱ्या अर्थाने आला तो पॉटिंजर गेल्यानंतर. तो १८२५ मध्ये कच्छला गेला. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ मध्ये इंदापुरात सुरू केलेली मोजणी १८४० नंतर नगरच्या तालुक्यांतून आली. ३३ फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. एक साखळी लांब नि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. आजही आपण जमीन याच गुंठ्यांत बोलतो. शेताला सर्व्हे नंबर मिळाला, हद्दीला दगड मिळाले. शिवेचा पुरावा आता नकाशात होता, महाराच्या शपथेची गरज उरली नाही. त्याचे ज्ञान कागदावर गेले, पण त्याची वेठ त्याच्यापाशीच राहिली. हे नीट समजून घेतले पाहिजे. शिवेच्या साक्षीमुळे त्याला जो एक दिवसाचा मान मिळत होता तो गेला, आणि उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांचे राबणे तसेच चालू राहिले. त्या मानासाठी हळहळण्याचे कारण नाही, कारण तोही गुलामीचाच एक भाग होता. पण ज्ञान घ्यायचे आणि ज्ञान देणाऱ्याला होता तिथेच ठेवायचे, हा व्यवहार मात्र विसरता कामा नये.

पॉटिंजरची पुढची कारकीर्द याच व्यवहाराचा विस्तार आहे. १८३२ मध्ये त्याने सिंधच्या अमीरांशी तह करून सिंधू नदी व्यापाराला खुली केली. १८४३ मध्ये सिंध इंग्रजांनी गिळला. त्या गिळण्यावर त्याने टीका केली होती हे त्याच्या बाजूने नमूद केले पाहिजे. पण त्याने मोकळी केलेली वाट टीकेने बंद होणार नव्हती. ज्या कलातमध्ये १८१० साली तो सोंग घेऊन राहिला, ते शहर १८३९ मध्ये इंग्रज फौजेने हल्ला करून घेतले आणि तिथला खान मेहराबखान लढताना मारला गेला. १८४२ मध्ये अफूच्या युद्धाअखेर पॉटिंजरने चीनशी नानकिंगचा तह केला. हाँगकाँग घेतले, पाच बंदरे उघडली, दोन कोटी दहा लाख डॉलर खंडणी ठरली. १८४३ मध्ये तो हाँगकाँगचा पहिला गव्हर्नर झाला, पुढे केप कॉलनीचा, मग मद्रासचा. १८५६ साली माल्टात वारला. हाँगकाँगमध्ये त्याच्या नावाचा रस्ता आजही आहे. १९९७ साली जॉर्ज पॉटिंजरने त्याचे चरित्र लिहिले ते हाँगकाँगचा पहिला गव्हर्नर म्हणूनच.

६

या साऱ्याला वाङ्मयीन उत्तर मिळाले ते नगर जिल्ह्यातूनच. अकोले तालुक्यातल्या धामणगावचे दया पवार यांचे 'बलुतं' १९७८ मध्ये आले. महारांच्या वाट्याची कामे सांगताना गावात येणाऱ्या बड्या माणसाच्या घोड्यापुढे धावणे हेही त्यांनी सांगितले आहे. आजवरच्या प्रवासग्रंथांत घोड्यावर बसलेला लिहीत होता, घोड्यापुढे धावणारा पहिल्यांदा इथे लिहू लागला. 'बलुतं'ची चर्चा आपण आत्मकथन म्हणून, वेदनेचा दस्तऐवज म्हणून पुष्कळ केली. पण प्रवासवर्णन या प्रकाराची उलटतपासणी म्हणून ते वाचले गेलेले नाही. पॉटिंजरचे पुस्तक आणि 'बलुतं' शेजारी ठेवून शिकवली तर विद्यार्थ्याला दृष्टिकोन या शब्दाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. एकाला गाव दिसते ते जिथून कर येतो, पाणी मिळते, फौज जाते अशी जागा म्हणून. दुसऱ्याला त्याच गावात कोणत्या बोळातून जायचे नाही हे आधी शिकावे लागते.

राजकीय उत्तरही या जिल्ह्याने ऐकले. बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात वतन कायदा दुरुस्तीचे विधेयक मांडले. डिसेंबर १९३९ मध्ये याच जिल्ह्यातील हरेगावला त्यांच्या अध्यक्षतेखाली महार-मांग वतनदारांची परिषद भरली. प्रश्न होता वतनी जमिनीवर वाढवलेल्या जुडीचा. साहेबापुढे धावणाऱ्यांच्या पोरांनी आता सरकारला आपल्या जमिनीचा हिशोब विचारला होता. १९५८ च्या कायद्याने ही वतने रद्द झाली. जमिनी पुन्हा मिळाल्या त्या नवीन शर्तीवर. त्यांपैकी किती आज मूळ कुटुंबांकडे आहेत आणि किती दाबल्या गेल्या, हे ज्याला पाहायचे असेल त्याने आपल्या गावचे फेरफार काढून पाहावेत.

नकाशाचा वारसा आज तिथे जिवंत आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. ते योग्यच झाले. २०२४ मध्ये जिल्ह्याचेही नाव अहिल्यानगर झाले. मोजणीला आता साखळी लागत नाही, उपग्रहाशी जोडलेले यंत्र लागते. पण गावनकाशा उलगडला तर जुनी वस्ती गावठाणाच्या कोणत्या कडेला आहे ते नाव बदलल्यानंतरही दिसते. गायरान कोणते, वतनी तुकडा कोणता, त्यावर आज कोणाचे पीक उभे आहे, हेही दिसते. १९५९ आणि १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी सत्याग्रह केले ते याच जमिनींसाठी.

म्हणून पॉटिंजरसारख्यांच्या वाङ्मयाचे आपण काय करायचे? ते टाकून द्यावे असे मी म्हणत नाही. ते बारकाईने वाचावे. प्रत्येक मुक्कामाला विचारावे की इथवर त्याला कोणी आणले. त्याचबरोबर आपले काम आपण करावे. आपापल्या तालुक्यातल्या ज्या वृद्धांनी तरुणपणी येसकरकी केली, किंवा बापाला करताना पाहिले, त्यांच्याकडून शिवेच्या खुणा, ओढ्यांची नि माळांची नावे, वेठीच्या वाटा विद्यार्थ्यांनी लिहून घ्याव्यात. सांगणाऱ्याचे नाव, त्याच्या संमतीने, वर घालावे. त्या नोंदी गावनकाशाशेजारी ठेवून पाहाव्यात आणि जिथे दोन्ही जुळत नाहीत तिथे तलाठ्याला विचारावे. हे सांगू शकणारी माणसे आता थोडी राहिली आहेत. पुढच्या उन्हाळी सुट्टीत निदान एका गावापासून ही सुरुवात व्हावी.